३० बाय ५० च्या प्लॉटवर परसबाग, खत, पाणी, कोंबड्या: आधी काय?

परसदार · १२ एप्रिल, सकाळी ७:१०

पुण्यात धायरीकडे ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, त्यावर बैठं घर. स्लॅब २० बाय ३२, म्हणजे ६४० चौरस फूट. रस्ता उत्तरेला. पुढे १० फूट, मागे दक्षिणेला ८ फूट, दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे. मागच्या शेजाऱ्यांचं घर तळमजला अधिक एक, कठड्यासकट साधारण २३ फूट उंच आणि आमच्या कुंपणापासून सहा फुटांवर. घरात माणसं चार.

मागच्या ८ बाय ३० मध्ये चार गोष्टी करायच्या आहेत: भाजीचे वाफे, ओल्या कचऱ्याचं खत, छताच्या पाण्यासाठी हजार लिटरची टाकी, चार कोंबड्या. मागे सध्या दुपारी लख्ख ऊन आहे. पावसाला दोन महिने उरलेत, सगळं एकदम होणार नाही. आधी काय करावं? मापं मुद्दाम दिली आहेत, उत्तरंही मापात द्या ही विनंती.

पाचोळा · १२ एप्रिल, ७:५५

खत. आणि त्यातही आधी पाचोळा. पानगळ संपत आली आहे, एप्रिल गेला की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सुकं पान मिळत नाही. जूनमध्ये ओला कचरा भरपूर आणि सुकं काही नाही, या एका कारणाने बहुतेक घरांतली खतं पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतात.

हिशोब: चार माणसांचा ओला कचरा रोज किलोभर, म्हणजे अडीच लिटरचा डबा. त्याला आकारमानाने दुप्पट पाचोळा, पाच लिटर. वर्षाला १८०० लिटर. ५० किलोच्या धान्याच्या पोत्यात चुरून, पायाने दाबून भरला की ७०-८० लिटर बसतो. म्हणजे २४ पोती. ऐकायला जास्त वाटतं, पण पाच फुटी पट्ट्यात भिंतीशी दोन थरांत उभी राहतात. वरून ताडपत्री. रस्त्याकडेला झाडून ढीग केलेली पानं घेताना प्लास्टिक आणि गुटख्याच्या पुड्या जागीच वेचा, घरी आणून कुणी वेचत नाही. पिंपळ, वड, कांचन, पावसाळी शिरीष उत्तम. निलगिरीची आणि सुरूच्या झाडाची पानं टाळा. शहरात 'ब्राउन लीफ'सारखे उपक्रम नको असलेला पाचोळा हवा असलेल्यांपर्यंत पोचवतात, तिथे विचारलंत तर दोन फेऱ्यांत वर्षाची बेगमी होईल.

खोकी दोन बांधा, २ बाय २ बाय ३ फूट. विटा सिमेंटशिवाय, मध्ये दोन-दोन बोटं फट ठेवून. तळाला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी अंथरून तिच्या कडा पहिल्या थराखाली दाबा, नाहीतर घूस खालून येते. एक खोकं भरायला तीन-साडेतीन महिने लागतात, तोवर पहिल्यातलं तयार होतं.

सिंहगडरोड · १२ एप्रिल, ८:२०

खताला वास येतो म्हणून शेजारी तक्रार करतात, त्याचं काय?

पाचोळा · १२ एप्रिल, ८:४१

वास कसला आहे ते आधी ओळखायचं. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही: पाणी जास्त, पान कमी. फावड्याने तळापर्यंत उलटून दोन घमेली पाचोळा मिसळा, दोन दिवसांत जातो. नाकाला झोंबणारा, गोठ्यासारखा असेल तर नत्र जास्त झालंय, त्यालाही पाचोळाच, पण पाणी तोडायची गरज नाही.

ओल तपासायला मूठभर खत घेऊन घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहून बोट लावताच फुटला, तर बरोबर. धार लागली तर ओलं. गोळाच होत नसेल तर कोरडं, आणि त्यात मुंग्या आधीच आलेल्या असतील.

पांढुरक्या-करड्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसतील. त्या काळ्या सैनिक माशीच्या. औषध मारू नका, कचरा त्याच सगळ्यात लवकर संपवतात. शिळं तेलकट, मटण-मासळी पहिल्या वर्षी घालू नका.

ओळंबा · १२ एप्रिल, १०:०५

परसदार, थांबा. खत नंतर, टाकी नंतर. तुम्ही एप्रिलचं ऊन बघून वर्षाचा बेत करताय.

पुणं साडेअठरा अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. त्या वेळी उत्तरेला पडणारी सावली उंचीच्या नऊ दशांश. मागच्या घराची उंची २३ फूट, म्हणजे सावली जवळजवळ २१ फूट. त्यातले ६ फूट त्यांच्या जागेत, उरलेले १५ तुमच्याकडे. तुमचं परस ८ फुटांचं. म्हणजे अख्खं झाकून सावली तुमच्या भिंतीवर सात-साडेसात फुटांपर्यंत चढते.

तारखा अशा: साधारण १ एप्रिल ते १० सप्टेंबर दुपारी पूर्ण परस उन्हात. नंतर सावली कुंपणाकडून घराकडे सरकत येते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपारी बारालाही मागच्या जमिनीवर ऊन नाही. नेमकी मेथी, टोमॅटो, फ्लॉवर, गाजराची वेळ.

पुढची बाजू उलट. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा पुढे भरपूर ऊन. डिसेंबरात तुमच्याच घराची सावली पुढचे १० फूट खाते. स्लॅबचा कठडा १३ फूट धरला तरी सावली पावणेबारा फूट.

याचा अर्थ: हिवाळी फळभाजी जमिनीवर नाही. ती गच्चीवर किंवा वर चढवून.

मुळाकाठ · १२ एप्रिल, १०:३०

ओळंबा यांचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर लावावा. परसबागेच्या एकाही कार्यशाळेत हे सांगत नाहीत.

अळूवडी · १२ एप्रिल, ११:१५

सावली आहे म्हणून परस वाया नाही हो. जुन्या वाड्यांच्या परसात ऊन कुठे होतं? तिथे अळू, केळ, हळद, आलं, कर्दळ असायचीच. हळद तर या जागेसाठीच आहे. मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात लावायची, सप्टेंबरपर्यंत पूर्ण ऊन मिळतं, त्यात पाला वाढतो. पुढे कंद भरताना सावली चालते. जानेवारीत पानं पिवळी पडून लोळली की फेब्रुवारीत काढायची. सेलम जात, अंगठ्याएवढे दोन-तीन डोळ्यांचे कंद, फूटभर अंतरावर, दोन इंच खोल. १० बाय ३ च्या वाफ्यात ३० कंद बसतात, कंदामागे पाव ते अर्धा किलो ओली हळद. पाणी तुंबलं की कंद कुजतो, म्हणून सरी-वरंबाच करा, सपाट वाफा नको.

हळदीच्या पानातले पातोळे घरच्या पानांचे होतील हा वरचा नफा.

गच्चीवाली · १२ एप्रिल, दुपारी १२:४०

हिवाळी भाजी गच्चीवर म्हणालात, पण वजनाचं कोण सांगणार? माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १५० किलो. फूटभर जाडीची ओली बागेची माती चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. विटांचे वाफे करून माती ओतणं म्हणजे स्लॅबवर तिप्पट ओझं.

त्यामुळे पालेभाजीला सहा इंची ट्रे, त्यात माती जवळजवळ नाहीच: अर्धं खत, अर्धं कोकोपीट आणि चुरलेला पाचोळा. भिजल्यावर चौरस मीटरला १२०-१३० किलो. टोमॅटो-वांग्याच्या मोठ्या पिशव्या फक्त तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेत, दोन भिंतींच्या मधोमध कधीच नाही. प्रत्येक ट्रेखाली विटांचे तुकडे, म्हणजे पाणी वाहील आणि खालचा स्लॅब वाळेल. घर जुनं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मगच ट्रे चढवा.

ओळंबा · १२ एप्रिल, १:०२

सहमत. गिलाव्याखालचं वॉटरप्रूफिंग आधी तपासा. खिळा ठोकून मांडव उभारू नका, कठड्याला क्लॅम्प लावा.

पन्हळ · १२ एप्रिल, १:३५

माझं मत टाकीला. छत ६० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, वीस टक्के गळती-बाष्प धरून मिलिमीटरला ४८ लिटर. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर तरी पडतो, म्हणजे ३३ हजार लिटर पाणी पन्हळीतून गटारात जातं. गुरुवारी दुरुस्तीसाठी नळाचं पाणी बंद असलं तरी झाडं तहानलेली राहत नाहीत. पन्हळ आणि पाइपचं काम मेमध्येच उरकावं, जूनमध्ये प्लंबर हाताला लागत नाही.

पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायची नळी विसरू नका. धूळ, कबुतरांची विष्ठा सगळं पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये उतरतं, तुमच्या छताला ३० लिटर. सहा इंची पाइप मीटरला साडेसतरा लिटर धरतो, म्हणजे पावणेदोन मीटरचा उभा तुकडा. आत तरंगता रबरी चेंडू, वर त्याला बसेल अशी बैठक. पाइप भरला की चेंडू तोंड बंद करतो आणि पाणी टाकीकडे वळतं. तळाच्या टोपीला दोन मिलिमीटरचं भोक, म्हणजे पाऊस थांबल्यावर पाइप आपोआप रिकामा होतो. हे भोक बुजलं की सगळी योजना निकामी. दर आठवड्याला काडी घालून साफ करा.

मोरीवाला · १२ एप्रिल, २:१०

पन्हळ, आकडे बरोबर, निष्कर्ष पटत नाही. तुमच्याच हिशोबाने हजार लिटरची टाकी २१ मिलिमीटर पावसात भरते. एका चांगल्या सरीत. उरलेले ३२ हजार लिटर वाहूनच जातात. आणि टाकी भरलेली असते तेव्हा बागेला पाणी नकोच असतं.

वाफ्यांची निव्वळ जागा १२० चौरस फूट धरा, ११ चौरस मीटर. मार्च ते मे भाजीला चौरस मीटरला पाच-सहा लिटर रोज, म्हणजे दिवसाला ६० लिटर. हजार लिटर सोळा-सतरा दिवस. परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपला की महिनाअखेर टाकी कोरडी. उन्हाळा तिथून चार महिने लांब.

उलट चार माणसांच्या आंघोळीचं पाणी रोज १५० लिटर. बारा महिने, गुरुवारी भरून ठेवलेल्या पाण्याने केलेल्या आंघोळीचंसुद्धा. पुण्यासारख्या आठ महिने कोरड्या गावात मोरीचं पाणी ही खरी टाकी.

करायचं असं. न्हाणीचा पाइप संडासाच्या लाइनला मिळण्याआधी तीन तोंडांचा व्हॉल्व्ह: एक तोंड बागेकडे, एक गटाराकडे. बागेकडच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार. पाणी साठवायचं नाही, चोवीस तासांत त्याचं गटार होतं. थेट आळ्यात सोडायचं. आळं ३ बाय ३ फूट, दीड फूट खोल, नारळाच्या करवंट्या, शेंड्या, जाड काटक्यांनी भरलेलं. पाइपचं तोंड या भरावाच्या चार बोटं वर, त्यावर तळ फोडलेली कुंडी पालथी, वर फरशीचा तुकडा. तोंड भरावात बुडलं की मुळं पाइपात शिरतात. आळ्याच्या काठावर दोन केळी, भोवती अळू. शेंड्या-काटक्या दीड-दोन वर्षांत कुजतात, उपसून खतात घाला आणि नव्या भरा.

जून ते सप्टेंबर व्हॉल्व्ह गटाराकडे.

काळीमाती · १२ एप्रिल, २:५५

मोरीवाला, एक मोठी गोष्ट सुटली. आंघोळीचं पाणी चालेल, कपड्यांचं नाही. पावडरीत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम. आपली काळी माती चिकणमातीच आहे, सोडियम तिचे कण सुटे करतो आणि ते भोकांत बसतात. सहा महिन्यांत वर पापडी धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि पानांच्या कडा करपतात. लोक त्याला पाण्याची कमी समजून आणखी तेच पाणी सोडतात. मशीनचं पाणी वळवायचंच असेल तर शेवटच्या खळबळीचं तेवढं.

स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणीही नको, तेलाचा थर आळ्याचा श्वास कोंडतो.

आळं पायापासून किमान पाच फूट दूर. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. पायाशी एका बाजूलाच रोज पाणी म्हणजे भिंतीला तिरकी भेग. पाच फुटी पट्ट्यात ते शक्य नाही.

मोरीवाला · १२ एप्रिल, ३:१०

कपड्यांच्या पाण्याबद्दल मान्य, लिहायला हवं होतं. आळं पुढच्या दहा फुटांत, वायव्य कोपऱ्यात न्या. घराच्या कोपऱ्यापासून अंतर मिळतं. ओळंबा, तिथे हिवाळ्यात ऊन?

ओळंबा · १२ एप्रिल, ३:२८

दुपारनंतर आहे. सूर्य नैर्ऋत्येकडे झुकला की घराची सावली ईशान्येला पडते, वायव्य कोपरा मोकळा. पश्चिमेचं घर उंच नसेल तर केळीला पुरेल.

पन्हळ · १२ एप्रिल, ४:०५

मोरीवाल्यांचा हिशोब पटला, पण छताचं पाणी सोडू नका. बोअर असेल तर गाळून बोअरच्या पुनर्भरणाला द्या. नुसता शोषखड्डा खणून उपयोग होईलच असं नाही, आपल्याकडे कमी-अधिक खोलीवर काळा पाषाण लागतो आणि खड्डा तळ्यासारखा भरून राहतो. दोन घमेली पाणी ओतून किती वेळात मुरतं ते बघा, मगच खर्च करा.

महापालिकेच्या सर्वसाधारण करात गांडूळखत, पर्जन्यजल, सौर यांतल्या एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत आहे. प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो, कागदावरचा चालत नाही.

डासमुक्त · १२ एप्रिल, ५:२०

टाकी केलीत तर वरचं तोंड, ओव्हरफ्लो आणि पन्हळीचं तोंड या तिन्ही ठिकाणी डासांची बारीक जाळी. लोक ओव्हरफ्लो विसरतात. डेंगीचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास आठ-दहा दिवसांत. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी असताना महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून टाकी, ड्रम, कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतून भागत नाही, आतली बाजू काथ्याने घासायची. आठवड्यातून एक दिवस ठरवून.

भुकूम · १२ एप्रिल, ५:४५

बायोगॅसचा विषय कुणीच काढला नाही? पुण्याच्याच 'आरती' संस्थेच्या, डॉ. आनंद कर्वे यांच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. एक टाकी उभी, तिच्यात दुसरी उपडी. शेणाऐवजी खरकटं.

पाचोळा · १२ एप्रिल, ६:१५

चांगली रचना आहे, पण किलोभर भाजीच्या देठांवर वीस-पंचवीस मिनिटांच्या वर शेगडी चालत नाही. त्याला पिठाचं, भाताचं खरकटं लागतं. खानावळीशेजारी घर असेल तर जरूर. इथे तो किलोभर कचरा वाफ्यांना हवा आहे.

आणि ओला कचरा घरी जिरला तरी सुका वेगळा करून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंकडेच द्या. डायपर, पॅड कागदात गुंडाळून, खूण करून.

तूसकोंडा · १२ एप्रिल, रात्री ८:०५

कोंबड्या राहिल्या. चार कोंबड्यांना रात्रीचं खुराडं १६ चौरस फूट, दिवसाला फिरायला ४० चौरस फूट. २४० मधले ५६ गेले. वाफे आणि खताची खोकी मांडल्यावर जागा उरते ती कुंपणालगतची, आणि हिवाळ्यात सावलीची. कोंबड्यांना ती चालते.

जाळी षटकोनी कोंबडीजाळी नको, ती मुंगूस फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवलेली. मुंगूस आणि मांजर दोन्ही कडेने उकरतात, जाळी आडवी लागली की सोडून देतात. दाराला साधी कडी नको, फिरवून बसणारी.

खाली भाताचं तूस पाच-सहा इंच, आठवड्यातून दोनदा उकरायचं. वास आला म्हणजे पाण्याचं भांडं सांडतंय. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. तूस वर्षातून दोनदा काढून खताच्या खोक्यात, ताजं वाफ्यात नाही, मुळं जळतात.

खाद्य कोंबडीमागे रोज ११०-१२० ग्रॅम, चौघींना महिन्याला १४ किलो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. अंडी देणाऱ्या घरगुती जातींसाठी खडकीच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. पिल्लांना पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस, आठव्या आठवड्यात मानमोडीची पुढची, आणि देवीची. लस बर्फातच आणायची. कोंबडा ठेवू नका, अंड्यांना त्याची गरज नाही.

अळूवडी · १२ एप्रिल, ८:३०

पहिल्याच वर्षी कोंबड्या नकोत असं मला ठामपणे वाटतं. मोकळी सुटलेली कोंबडी हळदीचा वाफा एका दुपारीत उकरून टाकते.

तूसकोंडा · १२ एप्रिल, ८:४४

शेवटीच आणा, हे मलाही मान्य. आधी क्षेत्रीय कार्यालयात आणि दोन्ही शेजाऱ्यांना विचारा. घरचे आठवडाभर गावाला गेले तर दाणापाणी कोण देणार याचं नाव ठरलं, की मगच पिल्लं.

काळीमाती · १२ एप्रिल, ९:१०

वाफ्यांचं कुणी लिहिलं नाही. बंगल्यामागची माती बहुधा माती नसतेच. फावडं मारा: विटांचे तुकडे, वाळू, चुना, मुरूम. दीड वीत खणून चाळा. विकतची 'लाल माती' नुसती भरू नका, पहिल्या पाण्यात विटेसारखी बसते.

वाफा ३ बाय ८ फूट, फूटभर उंच: २४ घनफूट, पाव ब्रास. चाळलेली माती ४० टक्के, खत ३०, उसाचं चिपाड आणि पाचोळा ३०. चिपाड आत्ता रसवंतीवर हवं तेवढं मिळतं. पण चार-पाच दिवस उन्हात वाळवल्याशिवाय घालू नका, साखर उरली तर मुंग्यांचं वारूळ होतं. चिपाड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात, म्हणून त्यासोबत घमेलंभर शेण किंवा शेणखत. आत्ता भरलात तर जूनपर्यंत बसून तीन-चार इंच खाली जाईल, तेव्हा वर खत घाला.

दर पंधरा दिवसांनी अमृतजल, शेतीतले प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं: १० लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, रोज दोनदा-तीनदा ढवळून. देताना दहा पट पाणी.

घराच्या भिंतीपासून दोन फूट सोडून वाफा. भिंतीला ओल लागली की परसबागेचा उत्साह घरातल्यांचाच संपतो.

गोगलगाय_नको · १२ एप्रिल, ९:३५

विटांचे वाफे असतील तर जुलैत त्या फटींत मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगाई लपतात. एका रात्रीत काकडीची सगळी रोपं फस्त. संध्याकाळी ओलं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला टाका, पहाटे उचला, खाली जमलेल्या सगळ्या हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ वाफ्यात टाकू नका. दोडका, कारलं लावणार असाल तर फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा (नरमाशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा फुलं दिसायला लागताच टांगा. फळ वाकडं झाल्यावर टांगून उपयोग नाही, अंडी आत गेलेली असतात.

परसदार · १३ एप्रिल, सकाळी ६:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मागे ऊन आहे हे गृहीत धरून चालले होते, ओळंबा यांनी तो पायाच काढून घेतला आणि बरं झालं. आता क्रम असा लिहिला आहे, चुकत असेल तर सांगा.

एप्रिल: पाचोळ्याची २४ पोती, खताची दोन खोकी, चिपाड वाळवून वाफे भरणं. मे: न्हाणीचा व्हॉल्व्ह आणि वायव्येचं आळं, केळ-अळू. जून: मागे एका वाफ्यात हळद, दुसऱ्यात भेंडी, गवार, दोडका. सप्टेंबरात गच्चीवर सहा इंची ट्रे, मेथी-पालक-कोथिंबीर. टाकी या वर्षी नाही, छताच्या पाण्याचं मुरवून बघून ठरवू. कोंबड्या पुढच्या वर्षी.

एकच उरलं. ओळंबा, सावली भिंतीवर साडेसात फुटांपर्यंत चढते म्हणालात. त्याच्या वर ऊन आहे ना?

ओळंबा · १३ एप्रिल, ७:१५

आहे. साडेसात-आठ फुटांच्या वर थेट कठड्यापर्यंत, डिसेंबरातसुद्धा.

अळूवडी · १३ एप्रिल, ७:३२

मग तिथे वाल पापडी! मूळ सावलीत, शेंडा उन्हात, त्याला अगदी चालतं. हळदीच्या वाफ्याच्या घराकडच्या कडेला, भिंतीपासून दोन फुटांवर पेरा आणि तिथून कठड्यापर्यंत तिरक्या सुतळ्या ओढा, दीड-दीड फुटाच्या अंतराने. नायलॉन नको, उन्हाने तापून कोवळा वेल कापतो. वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो, म्हणून जूनमध्ये घाई करू नका, नुसता पाला माजेल. जुलैच्या मध्यात लावा. आठ फूट चढेपर्यंत खालचे फुटवे खुडत राहा.

काळीमाती · १३ एप्रिल, ७:४०

बी रात्रभर भिजवून, डोळा खाली करून, एका जागी तीन. उगवल्यावर एकच ठेवा. फुलोरा धरताना मावा येतो, कोवळ्या शेंड्यांवर काळा थर दिसेल. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. हटला नाही तर लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल, त्यात थोडा द्रवसाबण, सूर्य मावळल्यावर.

परसदार · १३ एप्रिल, ७:५५

लिहून घेतलं. कठड्याला क्लॅम्प आजच मोजते.